सुटलेली वायर

आमच्या ह्यांचं आणि जावयाचं बोलणं म्हणजे "काय म्हणताय", "ठीक" आणि मग नुसता पंख्याचा आवाज. दोघं स्वभावाने भले, पण दोघांच्या तोंडाला कुलूप. माझी लेक बिचारी मध्ये बसून एकटीच बोलते. म्हणून या खेपेला लेक-जावई यायच्या आधी मीच ह्यांच्या मोटर लावलेल्या सायकलीची, इंजिनाकडून ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडे जाणारी वायर हळूच ओढून सोडवून ठेवली.

जेवणं झाल्यावर हे पेडल मारून मारून घामाघूम झाले, पण इंजिन काही सुरू होईना. जावई बाह्या सरसावून खाली बसला. "बाबा, ठिणगीच पडत नाहीये बहुतेक." मग प्लग निघाला, पॉलिश पेपरने घासून झाला, ठिणगी पडते का म्हणून इंजिनाला टेकवून पाहिला. नवा प्लग आला. कार्बोरेटरची काही चूक नव्हती, तरी तोही उघडला. हे पहिल्या नोकरीतले किस्से सांगत होते, जावई पोट धरून हसत होता आणि मी चहावर चहा नेत होते. दिवेलागणीला एकदाची ती वायर सापडली, इंजिन फटफटलं आणि दोघांनी काळ्याकुट्ट हातांनी एकमेकांना टाळी दिली.

लेक-जावई गेल्यावर मी मोठ्या तोऱ्यात कपबशा आवरत होते. हे साबणाने हात घासत शांतपणे म्हणाले,

"पोरगा गुणाचा आहे. सुटलेली वायर त्याने खाली बसताक्षणीच पाहिली आणि गुपचूप टाकीखाली सरकवली. मग मलाही ती दिवेलागणीपर्यंत दिसली नाही."