मागच्या रांगेतला आवाज

शारदाताईंची लाडकी व्हिडिओ टेप त्यांच्या गावातल्या, झाशीतल्याच एका टॉकीजमध्ये कुणीतरी चोरून कॅमेरा लावून उतरवली होती. त्यामुळे हीरो मरायला टेकला की मागच्या रांगेतून हमखास आवाज यायचा, "अबे, अभी मत मर, गाना बाकी है." दर वेळी शारदाताई म्हणायच्या, "कोण मेला हुल्लडबाज आहे हा!" आणि श्रीकृष्णराव चहाच्या कपात बघत राहायचे. शारदाताईंना बघायला गेले तेव्हा 'मी टॉकीजची पायरी चढलेलो नाही' असं ते सांगून बसले होते. आता पस्तीस वर्षांनी कबूल कसं करायचं, की तो हुल्लडबाज मीच?

यंदा लेकीने, इराने, त्याच सिनेमाची नवी डिस्क आणि मोठे स्पीकर पाठवले. आवाज इतका लख्ख की हीरोचा श्वासही ऐकू यावा, आणि मागची रांग पार गायब. श्रीकृष्णरावांनी पहिल्यांदाच निवांत पाय पसरले.

हीरो कोसळला. खोलीत चिडीचूप. शारदाताईंनी रिमोटने सिनेमा थांबवला.



"अहो, म्हणा ना तुमचं वाक्य. त्याशिवाय रंगत नाही."