शेवाळाचा पापुद्रा

बोटीच्या इंजिनावर पोळलेल्या हिराजीच्या तळहातावर नर्सबाईंनी समुद्री शेवाळाचा पापुद्रा बसवला होता. खाली नवी कातडी आली की तो आपोआप जिरणार होता. पण मथुराने सवयीने नवऱ्याचा हात खाडीच्या पाण्याने धुतला. त्यांच्या घरात जखम म्हटली की तेच पाणी. पापुद्रा बुळबुळीत होऊन सुटायला लागला.

तिने घाबरत फोन लावला.

"मिठाने त्यातल्या धाग्यांच्या गाठी सैल झाल्या," नर्सबाई म्हणाल्या. "चुन्याने पुन्हा आवळतील. चुना आहे का घरात? त्याची निवळी गाळून वर ओता."

चुना होता, हिराजीच्या तंबाखूच्या चंचीत. त्या चंचीवरून मथुरा जन्मभर भांडली होती, आज तिनेच ती धावत जाऊन आणली. बोटांनी पापुद्रा सारखा करत तिने निवळी ओतली, तसा तो तिच्या बोटांखाली घट्ट झाला.

आठवड्याने नर्सबाईंनी हात पाहिला. "बोटांचे ठसे उमटलेत की यावर. नवा बसवू?"

"नको," हिराजीने हात छातीशी घेतला. "कातडी आली की जातीलच ते. तोवर हिचा हात राहू दे हातावर."