डाव्या काठीचं ग्लायडर

"नातवासाठी हवंय का?" रिमोटच्या विमानांचं दुकान चालवणाऱ्या ओनुकीने आवाज मऊ करून विचारलं.

शरदात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तारुइंशी सगळेच असं मऊ बोलत. तो आवाज ऐकला की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. लुळा पडला होता तो उजवा हात, कान नव्हे.

"नवशिक्यासाठी हवंय," एवढंच ते म्हणाले.

ओनुकीने एकेक ग्लायडर काढून समोर मांडलं. हलक्या लाकडाचं देखणं होतं, ते तारुइंनी लगेच बाजूला सारलं. पहिल्याच आपटीत त्याच्या काड्या झाल्या असत्या. मग आलं पांढऱ्या फोमचं, लांब पंखांचं. नाकात मोटर, पंखांना हलती पाती. वारा पडला तर मोटर सावरून घेते, नवशिक्याने हेच घ्यावं, असं ओनुकीचं म्हणणं. तारुइंनी मान हलवली. मोटर नको. पंखांची पातीही नकोत. नुसती शेपूट हलणारं दाखव.

"अहो, ते वळता वळत नाही. शिकणारा चार दिवसांत कंटाळेल."

"मोटर आणि पंख रिमोटच्या उजव्या काठीवर असतात," तारुइ म्हणाले. "शेपूट डाव्या."

ओनुकीचे हात जागीच थांबले. मग तो समजुतीने बोलू लागला. डोंगरावर या की, नुसतं बघायला. आम्ही मंडळातले खुर्ची मांडून ठेवू. तारुइंनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि विचारलं, विकणार आहेस की दुसरं दुकान बघू?

रविवारी ते बस पकडून किरिगामिनेच्या पठारावर गेले. घरात चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मुलगी कानाए अंदाजानेच गाडी घेऊन मागोमाग पोचली. त्यांची जुनी ग्लायडरं तिनेच त्यांच्या ग्लायडर मंडळात वाटून टाकली होती. समोर दिसली की बाबांना त्रास होईल म्हणून. त्यातली दोन आत्ताही वर घिरट्या घालत होती.

तारुइंनी रिमोट गळ्यात अडकवला. डावा हात काठीवर राहणार, म्हणजे ग्लायडर फेकायला दुसरं कोणीतरी हवं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचे सोबती, पण प्रत्येकाला एकदम आपापल्या बॅटरीत काहीतरी बघायचं होतं.

"बाबा, घरी चला. लोक बघताहेत."

"बघू देत. तू फेक."

कानाएने ते रागानेच भिरकावलं. नाक खाली गेलं, मग दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याने ते उचललं आणि त्याचे पंख उतारावर तरंगू लागले. तारुइंनी वळण घ्यायला काठी दाबली, पण डावा हात क्षणभर उशिरा पोचला. ग्लायडर कलंडलं आणि खाली गवतात नाक खुपसून पडलं.

कानाए उतार उतरून गेली आणि पोटऱ्यांवर ओरखडे घेऊन ग्लायडरसह वर आली. तेवढ्यात मंडळाचे प्रमुख तारुइंपुढे येऊन उभे राहिले. आजच्यापुरतं एवढं पुरे, म्हणाले. मनाला लावून घेऊ नका, हातही दमला असेल.

तारुइ उत्तर देणार होते. पण कानाए आधीच वाऱ्याकडे तोंड करून, ग्लायडर डोक्यावर धरून उभी होती.

"जरा बाजूला व्हा," ती प्रमुखांना म्हणाली. "बाबांचा वारा अडतोय."