दम धरा, मास्तर

टेलरमास्तरांच्या मणक्याचं ऑपरेशन परदेशातच होण्यासारखं होतं. तिथे जायच्या परवानगीसाठी दोन दाखले हवे होते: प्रवास झेपेल इतकी तब्येत चांगली आहे, आणि इथे सुधारणार नाही इतकी ती वाईट आहे.

"अहो, नीट ऐका," दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या बायकोने पढवलं. "अकरा नंबरच्या खोलीत प्रवासाचे डॉक्टर. तिथे ताठ बसायचं, हूं की चूं करायचं नाही. बारा नंबरला आजाराचे. तिथे पोटभर कण्हा."

"आणि अकरातच कळ आली तर?"

"बारा नंबरपर्यंत दम धरा."

मास्तरांनी दम धरला. अकरामध्ये दात आवळून ताठ बसले, वर हसूनही दाखवलं. बारामध्ये कण्हायचं सोंग करावंच लागलं नाही.

तासाभराने दाखले हातात पडले. अकराचा म्हणत होता, ‘प्रकृती ठणठणीत. उपचारांची गरज नाही.’ बाराचा म्हणत होता, ‘प्रवास झेपणार नाही.’

"अहो दादा, हे उलटं कसं झालं?" बायकोने शिपायाला विचारलं.



"आज दोन्ही डॉक्टरांनी खोल्या बदलल्यात, काकू. अकरावाल्यांची कंबर धरलीय ना, त्यांना बारामधली गादीची खुर्ची हवी होती."