गुडघाभर पाणी

ओहायो नदीतून बर्फाचे तुकडे वाहत होते, एकेक घोडागाडीएवढा. होडीवाल्या म्हाताऱ्या हूपरने दोराचा आणखी एक वेढा खुंटीला दिला आणि झोपडीत येऊन सांगून टाकलं, "आज होडी सुटत नाही. फुटली तर तुमचा प्रेसिडेंट मला नवी आणून देणार नाही."

मिठाच्या भट्ट्यांवरचा मुकादम टॉलिव्हर शेकोटीपाशी पेपर वाचत बसला होता. "बघू संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "एकतीस डिसेंबर आहे आज. मला ह्याला पलीकडे न्यायलाच हवं. नुसतं जायचं आणि यायचं."

'हा' म्हणजे एनॉक. तो दाराशी उभा होता.

साल अठराशे तेवीस. एनॉक नदीपलीकडच्या केंटकीतल्या एका विधवेचा गुलाम, इलिनॉयच्या भट्ट्यांवर भाड्याने दिलेला. इलिनॉयमध्ये गुलाम ठेवायला बंदी. पण मीठ सगळ्यांनाच लागतं, म्हणून भट्ट्यांपुरती सूट. तीही एका वेळी एक वर्षाची. त्याहून एक दिवस जास्त राहिला तर माणूस कायद्याने सुटला. मग टॉलिव्हर काय करी? दर एकतीस डिसेंबरला एनॉकला होडीत घाली, केंटकीच्या काठावर उतरवी, एक विडी ओढून होईपर्यंत उभा करी आणि परत आणी. की झालं नवं वर्ष सुरू. चार वर्षं हा निर्लज्ज पोरखेळ चालला होता आणि चांगली चर्चला जाणारी माणसं त्याला कायदा पाळणं म्हणत होती.

यंदा नदी आडवी आली होती. करार सूर्यास्ताला संपत होता. सकाळपासून एनॉक बर्फाकडे बघत होता. आणखी दोन तास बर्फ असंच वाहू दे, दुसरं काही नको. तीन मैलांवर गावात त्याची डॉर्कस होती, गुलामीतून सुटलेली बाई, लोकांचे कपडे धुणारी. तिने लोकरीचे मोजे विणून दिले होते. "सुटशील त्या दिवशी घाल," असं बजावलं होतं तिने. आज पहाटे बर्फ बघून त्याने ते घातले.

"ऐक, हूपर," टॉलिव्हरने पेपर झटकला. "प्रेसिडेंटने युरोपातल्या राजांना कसं ठणकावलंय बघ. ह्या खंडावर आता नव्या वसाहती करायच्या नाहीत. इथले लोक स्वतंत्र आहेत आणि स्वतंत्रच राहणार. ह्याला म्हणतात छाती."

"इथले म्हणजे कुठले?" हूपरने दाराकडे बघत विचारलं.

"तू आपली होडी बघ."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तसा टॉलिव्हर उठून काठावर गेला. बर्फ कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. त्याने घड्याळ काढलं, शिवी हासडली, दोन येरझारा घातल्या. मागे उभ्या एनॉकला आपल्या छातीचे ठोके ऐकू येत होते. ते टॉलिव्हरला ऐकू जाऊ नयेत असं त्याला वाटलं.

एकाएकी टॉलिव्हर थांबला.

"हूपर, नदी कुणाची?"

"देवाची. आणखी कुणाची असणार?"

"उगाच वेड पांघरू नकोस. होडीचा परवाना कुठून काढलास?"

हूपरने एनॉककडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"विचारतोय मी."

"केंटकीतून," हूपर पुटपुटला. "नदी त्यांच्या हद्दीत लागते. ह्या काठापर्यंत."

टॉलिव्हर पोट धरून हसला. "आणि मी चार वर्षं होडीत बसून थंडीने कुडकुडतोय. अरे एनॉक, उतर पाण्यात."

एनॉक हलला नाही. टॉलिव्हरने पट्ट्यातल्या पिस्तुलावर हात ठेवला, तेव्हा तो खाली बसला. बूट काढले. मग मोजे काढले, नीट घडी केली आणि हूपरच्या हातात दिले. तसाच अनवाणी तो नदीत उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. बर्फाचा एक तुकडा नडगीवर आपटला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही.

"तू साक्षीदार, हूपर. माणूस केंटकीत गेला."

सूर्य पार बुडेपर्यंत टॉलिव्हर घड्याळ धरून उभा होता. पेपर काखेत होता. मग तो म्हणाला, "ये आता. नवं वर्ष सुखाचं जावो."

एनॉक पाण्यातच उभा राहिला.

"साहेब, एक विचारू?"

"लवकर विचार. भट्ट्या थंड होतील."

"त्या राजांना इथं यायला अख्खा समुद्र ओलांडावा लागतो. तरी त्यांना येऊ नका म्हणून पेपरात छापलं. मला बांधून ठेवायला तुम्हाला गुडघाभर पाणी पुरलं. हे कुठल्या पेपरात छापणार?"

टॉलिव्हरने पेपरची गुंडाळी केली. तो भट्ट्यांच्या वाटेला लागला.

एनॉक बाहेर आला. त्याचे पाय काळेनिळे पडले होते. ओल्या पायांतच तो बूट चढवू लागला. हूपरने मोजे पुढे केले. ते अजून कोरडे होते, हूपरच्या हातांची ऊबही त्यांत थोडी उतरली होती.

"घाल रे बाबा. पाय जातील."

"राहू द्या तुमच्याकडे," एनॉक म्हणाला. "ते सुटलेल्या माणसाचे आहेत."