कोटाचे माप

अहल्याबाई शिंप्याच्या दुकानाची पायरी चढल्या, तसे हयवदनराव समोरच्या चाफ्याच्या झाडाआड सरकले. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या गृहस्थाने भर दुपारी आपल्याच पत्नीच्या पाळतीवर राहावे, याची त्यांना लाज वाटत होती. पण संशय हा असा अतिथी, की एकदा ओसरीवर बसला म्हणजे यजमानालाच उठवून लावतो.

प्रकार तसा साधाच होता. दर शनिवारी शाळा सुटली, की अहल्याबाई त्यांचा बंद गळ्याचा काळा कोट इस्त्रीला म्हणून घेऊन जात आणि सोमवारी सकाळी तो खुंटीवर टांगलेला असे. काल परीट दारात उभा राहून सहज म्हणाला, "मास्तर, कोट घालायचं सोडलं काय? उगादीच्या पाडव्यापासून माझ्याकडे आलाच नाही." रावांनी घरात काही विचारले नाही. विचारले असते आणि पत्नी खोटे बोलली असती, तर पुढे कोणाच्या शब्दावर जगायचे होते? आणि आज कोट काखेत घेऊन त्या दारातून म्हणाल्या, "अहो, एवढा परटाकडे टाकून येते." तीस वर्षांच्या संसारात ओळखू आलेले ते पहिले खोटे रावांनी कान देऊन ऐकले आणि पायांत चढाव सरकवले.

"काय हो मास्तर, झाडाला प्रदक्षिणा घालता काय?"

शेजारच्या रत्नाबाई भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. रावांची नजर आपसूक दुकानाकडे वळली.

"अक्काची वाट बघता होय! ती तिथंच असणार. शनिवार तिचा शिंप्याला वाहिलेला. मी विचारलंसुद्धा, अक्का, दर आठवड्याला पोलकी शिवतेस, मग अंगात नेहमी जुनंच कसं गं? तर हसली नुसती." त्या स्वतःही हसल्या आणि निघून गेल्या.

रावांना खोकल्याची उबळ आली. उपरणे तोंडावर दाबून त्यांनी ती जिरवली. उगादीला धरलेला ताप उतरला होता. खोकला मात्र मुक्कामाला राहिला होता. वजन उतरता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. काट्यावर उभे राहायला मात्र राव कधी तयार झाले नाहीत. ते आपल्या कोटाकडे बोट दाखवीत. "हा माझा तराजू. तापाआधी जसा बसत होता, तसाच आज बसतो." त्या कोटाच्या भरवशावर ते रोज शाळेची वाट चालत.

दुकानात अहल्याबाई शिंप्याशी हलक्या आवाजात बोलत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, हवेत कोणाला कवेत घ्यावे तसा त्यांचा वेढा केला आणि तो वेढा किंचित आवळला. शिंप्याने मान हलवली. रावांच्या कानशिलांत रक्त चढले. सोवळ्याओवळ्यातली, चारचौघांत पतीच्या सावलीलाही न शिवणारी ही बाई, आणि हे काय?

त्या रिकाम्या हातांनी बाहेर पडल्या आणि वळणाआड गेल्या. रावांनी रस्ता ओलांडला.

"आमच्या घरच्या बाई इथे कशाला येतात?"

विठोजी शिंपी यंत्रावरून उठला. त्याची नजर रावांच्या खांद्यांवरून कमरेपर्यंत एकदाच उतरली आणि तो ओळखून चुकला.

"मास्तर ना तुम्ही? बसा. स्वल्प पाणी घ्या."

"पाणी नको. हात पसरून ती काय दाखवीत होती?"

"माप."

"कोणाचे?"

विठोजी घुटमळला. मग त्याने काळा कोट उचलून रावांच्या पुढ्यात ठेवला.

"अक्कानं मला शपथ घातलीय. पण तुमच्या डोळ्यांत आता जे दिसतंय, ते शपथ मोडण्याहून वाईट. तुमचंच माप, मास्तर. खोकला आला की अक्का तुम्हाला मागून धरून बसवते ना? तेवढीच तिची टेप. खरी टेप लावली तर तुम्ही विचाराल. दर शनिवारी हातांनी दाखवते, आणि मी स्वल्प आत घेतो. तुम्हाला कळू नये, इतकंच. आधी दोघा शिंप्यांकडे जाऊन आली. त्यांची शिवण बाहेर दिसते म्हणाली."

"आणि माझे सदरे?"

"तेही. डॉक्टर म्हणाले म्हणे, रोग्यानं धीर सोडला तर औषध चालत नाही."

रावांचा हात नकळत स्वतःच्या कुशीकडे गेला. सदऱ्याखाली बरगड्या बोटांना एकेक करून लागल्या. ते स्टुलावर बसले.

मग त्यांनी कोट उलटा केला. दोन्ही कुशींना कापडाच्या घड्या एकीवर एक दुमडून टाचल्या होत्या. कोट आतून घोंगडीसारखा जाड झाला होता. काहीतरी बोलायला हवे, म्हणून ते शाळेतल्या कठोर स्वरात म्हणाले, "एवढे कापड आत कशाला कोंबलेस? जास्तीचे कापून टाकता येत नव्हते?"

"मी कात्री उचलली होती, मास्तर. अक्कानं माझा हात धरला. म्हणाली, 'एक सूतही कापायचं नाही, विठोजी. ते बरे झाले की हे सगळं मला परत उसवून न्यायचंय.'"