रोल संपल्यावर

दाराची कडी खळकन वाजली आणि दुपारची सामसूम मोडली. फोटोंची पाकिटं भरत बसलेल्या मनिषाने वर पाहिलं. शेजारी झोपलेली पाच वर्षांची वैष्णवीही डोळे चोळत उठून बसली.

दारात म्हातारी कुशाबाई. सणसरहून एसटीने आलेली. टाचांवर धूळ, डोईवरचा पदर मात्र चापूनचोपून घेतलेला.

“फोटूवाल्या बाई, आला का वं माजा फोटू?”

मनिषाचा हात पाकिटातच थबकला.

गेल्या आठवड्यात कुशाबाईच्या आळीत नळ आला, त्याचं उद्घाटन होतं. मनिषाचा फोटोग्राफर नवरा, मानसिंग, त्याच दिवशी बारामतीत दुसऱ्या कार्यक्रमाला. म्हणून, अशा वेळी नेहमी जाई तशी, इंदापूरहून कॅमेरा आणि वैष्णवीला घेऊन मनिषा गेली होती. फीत झाली, नारळ झाला, हारतुरे झाले, नळाची पहिली धार नेमकी सापडली, आणि रोल संपला. तेवढ्यात कुशाबाई नळाला हात लावून ताठ उभी राहिली. मनिषाने नुसता फ्लॅश मारला. धंद्यातली रीतच ती. ‘रोल संपला म्हणून कधी सांगायचं न्हाय,’ मानसिंगने पढवलं होतं. ‘उजेड पडला की माणूस खूश. आलंच कोण मागायला, तर म्हणायचं, धुताना खराब झाला.’

कोणी येत नसे. कुशाबाई आली.

“सोनबा माजा, पुण्याला असतोय. म्हनला, आई, तुजा एक फोटू दे, खोलीत लावतो. म्हनलं, मी मेल्याव लाव की रं! तर म्हनतोय, तवा कुठनं आनू?” बोळकं पसरून ती हसली आणि खाली मांडलेले फोटो एकेक करून डोळ्यांजवळ नेऊ लागली. “ह्यो नळ. ह्ये हारवालं. ह्यो आमचा दत्तोबा, निसती मान घुसवतोय मेला. समदी हायती की. मी कुठं हाय?”

धुताना खराब झाला. शब्द मनिषाच्या अगदी ओठांशी आले. म्हातारीने शेवटचा फोटो उलटा करून मागूनसुद्धा पाहिला.

“आजी, तुमच्या वेळेला रोल संपला होता. मी... नुसता उजेड पाडला.”

कुशाबाईने हातातला फोटो खाली ठेवला.

“मग सांगायचं की गं. मी आपली श्वास धरून हुबी.”

मनिषाची मान वर होईना. ती उठली. नवा रोल काढून तिने म्हातारीच्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्यात भरला.

“चला आजी, अंगणात.”

“आन् त्यो उजेड नगं हां आता. ऊन हाय तेवढं बास.”

पायरीवर बसून कुशाबाईने पुन्हा श्वास धरला. मनिषा थांबली. कॅमेरा डोळ्याला लावून नुसती थांबली. शेवटी म्हातारीला दम निघेना. तिने भसकन श्वास सोडला, स्वतःलाच हसली, तेवढ्यात खटका दाबला गेला.

“आता आला?”

“आता आला, आजी.”

कुशाबाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत मनिषा दारात उभी होती. आत आली, तर वैष्णवी पसरलेल्या फोटोंमध्ये बसून एकेक उचलून बघत होती.

“आई, कार्यक्रम संपला की दर वेळी सगळ्यात शेवटी तू माझा काढतीस. ते सगळे कुठं ठेवलेस गं?”